जुन्या गाडीतला एक भाग बदलला, की पुढे काय काय हलतं

१९६०च्या आसपासच्या एखाद्या गाडीचं बोनेट उघडलं, की इंजिन आणि मडगार्डच्या मधल्या फटीतून खालची जमीन दिसते. हात कोपरापर्यंत आत जातो. डायनमो कुठला, कॉइल कुठली, कार्बोरेटरला पेट्रोल कुठून येतं, हे बोट ठेवून दाखवता येतं. बिघाड शोधायला संगणक लागत नाही. कान, नाक, एक मल्टिमीटर आणि धीर एवढ्यावर बराच पल्ला गाठता येतो. जगभर इतकी माणसं सुट्टीच्या दिवशी घरच्या शेडमध्ये अशा गाड्यांखाली आडवी होतात, त्याचं मोठं कारण हे आहे.

या छंदात दोन वेगवेगळी कामं येतात. पहिलं दुरुस्तीचं. कारखान्यातून निघाली तेव्हा गाडी जशी चालायची, तशी पुन्हा चालती करायची. दुसरं सुधारणेचं. मुळात नव्हतं ते बसवायचं: डिस्क ब्रेक, अल्टरनेटर, इलेक्ट्रॉनिक इग्निशन, विजेवरचा पंखा. दुसऱ्या कामाचा मोह जास्त, कारण त्याचे तयार संच मिळतात आणि सूचनापत्रिका वाचून ते अर्ध्या दिवसाचं काम वाटतं.

पण गाडीतला कुठलाच भाग एकटा नसतो. डायनमो किती वीज देतो त्यावरून दिवे ठरले आणि दिव्यांवरून वायरची जाडी ठरली. टायरची पकड किती, त्यावरून ब्रेक ठरले आणि ब्रेकवरून मास्टर सिलिंडरचा, म्हणजे पेडल दाबल्यावर ब्रेक ऑइल चाकांकडे ढकलणाऱ्या भागाचा, व्यास. मधली एक कडी बदलली की भार शेजारच्या कडीवर जातो. हे लक्षात आलं की काय बदलावं, काय राहू द्यावं आणि बदलायचं तर सोबत आणखी काय बघावं, हे आपलं आपल्याला ठरवता येतं. अशा काही साखळ्या इथे उलगडून बघू.

आधी गाडी आहे तशी बरी करा

गाडीला पिकअप नाही, म्हणून मोठा कार्बोरेटर लावायचा विचार बरेच जण करतात. पण पिकअप नसण्याचं कारण बहुतेक वेळा झीज किंवा चुकलेलं सेटिंग असतं, आणि त्यावर नवा भाग बसवला तर मूळ दुखणं झाकलं जातं. म्हणून पहिलं काम मोजमापाचं.

इंजिनाची तब्येत कळते कॉम्प्रेशन गेजवरून. इंजिन गरम करायचं, सगळे प्लग काढायचे, ठिणगी पडू नये म्हणून कॉइलची बारीक वायर सोडायची, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून धरायचा आणि स्टार्टरने इंजिन फिरवत प्रत्येक सिलिंडरचा दाब लिहून घ्यायचा. आकडा किती आला यापेक्षा चारही आकडे एकमेकांच्या जवळ आहेत का, हे महत्त्वाचं. एखादा सिलिंडर फार खाली असेल, तर त्यात चमचाभर इंजिन ऑइल घालून पुन्हा मोजायचं. दाब वाढला तर पिस्टन रिंग झिजल्या आहेत, कारण तेलाने ती फट तात्पुरती बुजवली. दाब तसाच राहिला तर व्हॉल्व्ह नीट बसत नाही. शेजारशेजारचे दोन सिलिंडर सारखेच खाली असतील, तर त्यांच्यामधलं हेड गॅस्केट जळालं असण्याची शक्यता मोठी. एवढ्या साध्या चाचणीने इंजिन न उघडता आत डोकावता येतं, म्हणून मला ती सगळ्यात आवडते.

गाडी कित्येक वर्षं उभी असेल, तर स्टार्टर मारण्याची घाई करू नये. प्लगच्या भोकांतून थोडं तेल सोडावं, ते मुरू द्यावं आणि इंजिन आधी हाताने, पुलीच्या नटाला पाना लावून, फिरवून बघावं. टाकीतलं जुनं पेट्रोल काढून टाकावं. ते वाळून त्याचा चिकट थर कार्बोरेटरच्या जेटमध्ये, म्हणजे पेट्रोल सोडणाऱ्या बारीक भोकांत, बसतो.

ठिणगी कशी पडते

इग्निशन आधी नीट समजून घेऊ, कारण जुन्या गाडीच्या बहुतेक कुरबुरी इथून निघतात. चार्ल्स केटरिंग या अमेरिकन अभियंत्याची १९१०च्या सुमाराची ही रचना पुढे सहा दशकांहून जास्त काळ जवळजवळ तशीच वापरात राहिली.

कॉइलमध्ये दोन गुंडाळ्या असतात, एक जाड तारेची, कमी वेढ्यांची आणि दुसरी केसासारख्या बारीक तारेची, हजारो वेढ्यांची. प्लगना पाळीपाळीने वीज वाटणाऱ्या डिस्ट्रिब्युटरमधले पॉइंट, म्हणजे उघडझाप करणारे संपर्क, मिटलेले असतात तेव्हा बॅटरीची वीज जाड गुंडाळीतून वाहते आणि कॉइलमध्ये चुंबकीय क्षेत्र तयार होतं. डिस्ट्रिब्युटरच्या दांड्यावरचा कॅम फिरून पॉइंट उघडतो, वीज तुटते आणि ते क्षेत्र एकदम कोसळतं. त्या कोसळण्यामुळे बारीक गुंडाळीत वीस हजार व्होल्टच्या आसपास दाब तयार होतो आणि प्लगच्या फटीत ठिणगी उडते. पॉइंटला समांतर जोडलेला छोटा कंडेन्सर दोन कामं करतो. पॉइंट उघडताना तिथेच ठिणगी पडू देत नाही आणि वीज झटकन तोडतो. कंडेन्सर मेला की पॉइंट काळे पडून जळतात आणि प्लगवरची ठिणगी पिवळट, मलूल होते.

चार सिलिंडरचं इंजिन मिनिटाला ३००० फेऱ्या फिरत असेल, तर हा सगळा खेळ सेकंदाला १०० वेळा होतो. पॉइंटची फट साधारण ०.४ मिलिमीटर. कॅमवर घासणारी पॉइंटची टाच झिजत जाते, फट कमी होते, पॉइंट उशिरा उघडतात आणि टायमिंग, म्हणजे ठिणगी पडण्याची वेळ, आपोआप मागे सरकतं. म्हणून ट्यूनिंगचा क्रम ठरलेला आहे: आधी फिलर गेजने फट, मग टायमिंग, आणि सगळ्यात शेवटी कार्बोरेटर. हा क्रम उलटा केला की पहिल्या चुकीवर दुसरी चूक चढते आणि गाडी कधीच मनासारखी लागत नाही.

आता सुधारणा. पॉइंट काढून त्या जागी दांड्यावर चुंबकांची कडी आणि बाजूला ते ओळखणारा सेन्सर बसवायचा. घासणारं काही उरत नाही, त्यामुळे फट आणि टायमिंग सरकत नाही. माझ्या मते रोज किंवा दर आठवड्याला चालणाऱ्या गाडीसाठी ही उत्तम सुधारणा आहे, आणि बाहेरून दिसतही नाही. पण साखळी बघा. पॉइंटला साधारण चार अँपिअरच्या वर वीज सोसत नाही, त्यामुळे मूळ कॉइल त्या हिशेबाने बनलेली असते. काही गाड्यांत कॉइलच्या वाटेवर वीज कमी करणारा रेझिस्टर किंवा रेझिस्टर-वायर असते. नव्या सेन्सरला किती ओहमची कॉइल चालते आणि त्याला पूर्ण १२ व्होल्ट मिळतात का, हे मल्टिमीटरने तपासल्याशिवाय तो जोडू नये. इंजिन बंद असताना चावी चालू ठेवली तर असे काही सेन्सर जळतात. डिस्ट्रिब्युटरचा दांडा बुशमध्ये डगडगत असेल, किंवा वेग वाढला की टायमिंग पुढे नेणाऱ्या आतल्या वजनांच्या स्प्रिंगा सैल झाल्या असतील, तर सेन्सर त्यात काहीच करू शकत नाही.

आणखी एक फरक. पॉइंट बिघडताना हळूहळू बिघडतात, गाडी आचके देत का होईना घरी पोचवतात. सेन्सर मात्र गेला की गेला. म्हणून काढलेले पॉइंट आणि कंडेन्सर फट लावलेल्या प्लेटसकट डॅशबोर्डच्या कप्प्यात ठेवावेत.

विजेचा हिशेब

या छंदात सगळ्यात जास्त गफलती विजेच्या कामात होतात, कारण वीज दिसत नाही आणि जुन्या गाडीतल्या वायरिंगला राखीव ताकद जवळजवळ नसतेच.

डायनमोमध्ये वीज फिरणाऱ्या भागात तयार होते आणि कार्बनच्या ब्रशमधून बाहेर काढावी लागते. त्यामुळे किती वीज काढायची आणि किती वेगाने फिरवायचं, यावर मर्यादा येते. इंजिन मंद चालत असताना डायनमो जवळजवळ काहीच देत नाही. अनेक ब्रिटिश गाड्यांत असलेला लुकास सी-४० हा डायनमो जास्तीत जास्त २२ अँपिअर देतो. त्यावर काय काय लागतं ते जोडून बघा. हेडलाइटचे दोन ५५ वॉटचे बल्ब म्हणजे सुमारे ९ अँपिअर. कॉइल तीन-चार. वायपर दोन-तीन. मागचे दिवे, नंबरप्लेटचा दिवा आणि हीटरचा पंखा मिळून आणखी चार-पाच. पावसाळी रात्री २२ अँपिअर जवळजवळ इथेच संपली.

आता गाडी गरम होते म्हणून रेडिएटरसमोर विजेवरचा पंखा बसवला, तर तो एकटा १० ते १५ अँपिअर ओढतो. डायनमोला ते पेलत नाही, उरलेली वीज बॅटरीतून जाते आणि बॅटरी उतरते. मग अल्टरनेटर हवा. त्यात वीज स्थिर गुंडाळ्यांमध्ये तयार होते आणि डायोडमधून बाहेर पडते, त्यामुळे तो हलका असूनही जास्त वीज देतो आणि इंजिन मंद असतानाही चार्ज करतो. मात्र ते डायोड उलटी जोडणी क्षणभरही सहन करत नाहीत. आणि १९६०च्या दशकाच्या उत्तरार्धापर्यंतच्या अनेक ब्रिटिश गाड्यांत बॅटरीचं धन टोक बॉडीला जोडलेलं असतं. एमजीबीसारखी गाडीही १९६७ पर्यंत तशीच होती.

म्हणजे अल्टरनेटरआधी गाडीचं अर्थिंग ऋण करून, म्हणजे बॅटरीचं ऋण टोक बॉडीला जोडून, घ्यावं लागतं. बॅटरीची टोकं बदलायची, कॉइलच्या दोन बारीक वायरींची अदलाबदल करायची, अँपिअर मीटरच्या वायरी उलट करायच्या, जुना रेडिओ असेल तर तो आधीच सोडवून ठेवायचा. कॉइलच्या वायरी बदलल्या नाहीत तरी गाडी चालते, पण ठिणगीसाठी जास्त दाब लागतो, कारण प्लगचं तापलेलं मधलं टोक ऋण असेल तरच ठिणगी सहज उडते. जुन्या स्टार्टर मोटरला काही करावं लागत नाही. तिच्यात कायमचं चुंबक नसून गुंडाळ्या असतात, त्यामुळे वीज कुठल्याही बाजूने आली तरी ती त्याच दिशेला फिरते.

साखळी अजून संपलेली नाही. डायनमोची मूळ वायर कंट्रोल बॉक्समधून, कित्येकदा डॅशबोर्डवरच्या अँपिअर मीटरमधून फिरून बॅटरीकडे जाते. २२ अँपिअरसाठी घातलेल्या या वाटेवर ६० अँपिअरचा अल्टरनेटर लावला आणि बॅटरी उतरलेली असली, तर वायर तापते, आणि ती डॅशबोर्डच्या मागे, कापड आणि रबराच्या मधोमध तापते. म्हणून अल्टरनेटरपासून बॅटरीपर्यंत नवी जाड केबल वेगळी ओढायची, तिला योग्य फ्यूज द्यायचा आणि अँपिअर मीटरऐवजी व्होल्टमीटर बसवायचा. त्या काळच्या अनेक गाड्यांत अख्ख्या गाडीला मिळून दोन किंवा चार फ्यूज असतात आणि हेडलाइटच्या वाटेवर एकही नसतो. हे ज्याने एकदा वायरिंगच्या नकाशात पाहिलं, तो पहिल्याच सुट्टीत फ्यूजचं काम हाती घेतो.

आता एक स्वस्त सुधारणा, जिचा फायदा महागड्या सुधारणांपेक्षा जास्त दिसतो. जुन्या गाडीचे हेडलाइट मिणमिणते असतात, तेव्हा दोष बल्बचा आहे असं वाटतं. इंजिन चालू ठेवून बॅटरीवर व्होल्ट मोजा, मग हेडलाइटच्या टोकांवर मोजा. दीड-दोन व्होल्टचा फरक सहज सापडतो. टाकी भरलेली असूनही पाइप गंजलेला असला की नळाला बारीक धार येते, तसंच इथे होतं. वीज बॅटरीतून निघून डॅशबोर्डवरच्या स्विचपर्यंत आणि परत पुढे असा लांबचा प्रवास करते, आणि प्रत्येक काळपट जोडावर थोडी झिजते. बल्बचा उजेड तर व्होल्टपेक्षा फार जास्त वेगाने घटतो. व्होल्ट १० टक्के कमी झाले की उजेड सुमारे ३० टक्के कमी होतो. उपाय म्हणजे रिले. जुन्या स्विचने फक्त रिले चालवायचा आणि दिव्यांची वीज रिलेमधून, जाड आणि आखूड वायरीने, थेट बॅटरीकडून आणायची. दिव्यांचं अर्थिंग घासून स्वच्छ करायचं. तोच बल्ब, तीच काच, आणि रस्ता दिसू लागतो. शिवाय जुन्या स्विचवरचा भारही उतरतो. तो स्विच मूळ स्वरूपात मिळणं अवघड असतं, त्यामुळे हेही कमी मोलाचं नाही.

फिलामेंटच्या बल्बसाठी घडवलेल्या परावर्तकात एलईडी बल्ब घालणं मला पटत नाही. प्रकाश नेमक्या जागेवरून निघत नाही आणि समोरच्याच्या डोळ्यांवर जातो. इंडिकेटरला एलईडी लावले तर जुना फ्लॅशर चुकतो, कारण तो बल्बच्या विजेने तापून लुकलुकतो आणि एलईडी तेवढी वीज घेतच नाहीत.

ब्रेक: इथे घाई नको

ड्रम ब्रेकला उगाच वाईट ठरवलं गेलं आहे. ड्रम फिरताना पुढचा शू (ड्रमला आतून दाबणारी कमान) स्वतःबरोबर ओढतो आणि तो आणखी घट्ट दाबला जातो. म्हणजे ड्रम ब्रेक स्वतःच पायाला मदत करतो, म्हणून त्याला पायाचा जोर वाढवणारा बूस्टर अनेकदा लागत नाही. त्याची खरी अडचण उष्णता. लांब उतारावर ड्रम तापतो, प्रसरण पावून शूपासून दूर जातो, शूवरच्या तापलेल्या लायनिंगची पकड कमी होते आणि पेडल खाली खाली जाऊ लागतं. डिस्क उघड्यावर असते, लवकर निवते, आणि तापून जाड झाली तरी पॅडच्या दिशेनेच फुगते. १९५३च्या ल मां शर्यतीत जॅग्वार सी-टाइप डिस्क ब्रेक लावून जिंकली आणि हा फरक साऱ्या जगाला दिसला. दोन वर्षांनी सिट्रोएन डीएस ही गाडी पुढे डिस्क घेऊनच बाजारात आली.

मग पुढच्या चाकांना डिस्क लावायची तर काय काय हलतं? डिस्कमध्ये ती स्वतःला ओढून घेण्याची मदत नाही, त्यामुळे पायाचा जोर जास्त लागतो किंवा बूस्टर बसवावा लागतो. पॅड डिस्कवर दाबणाऱ्या कॅलिपरचे पिस्टन मोठे असतात, त्यांना सरकायला जास्त ब्रेक ऑइल लागतं आणि जुना मास्टर सिलिंडर तेवढं ढकलू शकत नाही, त्यामुळे पेडल फार खाली जातं. मोठ्या व्यासाचा घातला तर पेडल वर येतं, पण कडक होतं. ड्रमसाठी बनलेल्या अनेक मास्टर सिलिंडरमध्ये ओळीत थोडा दाब सतत धरून ठेवणारा व्हॉल्व्ह असतो. तो तसाच राहिला तर पॅड डिस्कवर घासत राहतात आणि काही किलोमीटरमध्ये ब्रेक तापून अडकतात. चाकाच्या आत कॅलिपर मावतो का, तेही बघावं लागतं. सगळ्यात गंभीर गोष्ट म्हणजे पुढच्या-मागच्या ब्रेकचा समतोल. मागची चाकं आधी लॉक झाली तर गाडी गर्रकन फिरते. त्यामुळे तुकडे जमवून केलेलं काम करू नये. त्याच मॉडेलच्या नंतरच्या वर्षांत कारखान्यानेच डिस्क दिली असेल, तर तो पूर्ण संच, मास्टर सिलिंडरपासून चाकापर्यंत, उचलावा. तो समतोल त्यांनी आधीच साधलेला असतो.

डिस्कपेक्षा आधी करण्यासारखं काम मला वेगळंच वाटतं: दोन स्वतंत्र वाटांचा मास्टर सिलिंडर. जुन्या गाड्यांत चारही चाकांना एकाच वाटेने ब्रेक ऑइल जातं. एक होज फुटला की चारही ब्रेक एकदम जातात. दोन वाटा केल्या की एक गेली तरी दुसरी गाडी थांबवते. अमेरिकेने १९६८ पासून नव्या मोटारींना हे सक्तीचं केलं, ते उगाच नाही.

आणि त्याच्याही आधी, आहेत ते ब्रेक पूर्ण नवे करून बघा. ब्रेकचे रबरी होज बाहेरून धडधाकट दिसतात आणि आतून फुगून वाट बुजवतात. पायाच्या जोराने ऑइल पुढे जातं, पण परत येत नाही आणि एकच चाक आवळलेलं राहतं. असं चाक तापलेलं आढळलं की शूऐवजी आधी होजवर संशय घ्यावा. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी शोषतं. डॉट ४ प्रतीचं ताजं ऑइल किमान २३० अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही, पण ३.७ टक्के पाणी शिरलं की हीच हमी १५५ अंशांवर येते. उकळलं की नळीत वाफ होते, वाफ दाबली जाते आणि पेडल जमिनीला टेकतं. म्हणून दर दोन वर्षांनी ऑइल बदलावं. डॉट ५ हे सिलिकॉनचं वेगळंच ऑइल आहे, ते बाकीच्यांत मिसळायचं नाही. डॉट ५.१ मात्र नाव सारखं असूनही ३ आणि ४ च्याच जातीचं.

जुन्या ब्रेक लायनिंगमध्ये ॲस्बेस्टॉस असतं. ड्रममधली धूळ हवेच्या दाबाने किंवा तोंडाने कधीही फुंकू नये. ती ओली करून पुसावी, योग्य मास्क घालावा आणि फडकं पिशवीत बंद करून टाकावं. आजार वर्षानुवर्षांनी उमटतो, त्यामुळे त्या क्षणी काही झालं नाही, याला अर्थ नाही.

पेट्रोल बदललं, गाडी तीच राहिली

काही बदल आपण करत नाही, ते बाहेरून येतात. पेट्रोलमध्ये शिसं घालण्याचा शोध थॉमस मिडग्ली यांच्या चमूने १९२१ मध्ये लावला. इंजिनाचं ठोकणं थांबवण्यासाठी ते घालत, पण त्याचा एक थर व्हॉल्व्हच्या बैठकीवर बसून तिचं रक्षणही करत असे. शिशाचं विष लोकांच्या, विशेषतः मुलांच्या शरीरात जात होतं. ते बंद झालं हे फार चांगलं झालं. २०२१ मध्ये अल्जीरियाने विक्री थांबवल्यावर शिशाचं पेट्रोल मोटारींसाठी जगात कुठेच विकलं जात नाही. मऊ बिडाच्या बैठकी असलेल्या जुन्या इंजिनांत मात्र एक्झॉस्ट व्हॉल्व्ह हळूहळू बैठकीत रुतू शकतो. म्हणून लगेच हेड उतरवून कडक बैठकी बसवायला धावू नये. टॅपेटची, म्हणजे व्हॉल्व्ह आणि त्याला ढकलणाऱ्या भागाच्या मधली, फट दर सर्व्हिसला मोजून वहीत लिहावी. एक्झॉस्टची फट पुन्हा पुन्हा कमी होत असेल तर व्हॉल्व्ह रुततोय, आणि तेव्हाच ते काम काढावं. शांतपणे चालवलेल्या गाडीत ती वेळ यायला बराच काळ जातो.

पेट्रोलमध्ये मिसळल्या जाणाऱ्या इथेनॉलचं तसं नाही, त्याची दखल सगळ्यांनाच घ्यावी लागते. इथेनॉल पाणी ओढतं. गाडी महिनोन्‌महिने उभी राहिली तर पाणी आणि इथेनॉल वेगळे होऊन टाकीच्या तळाशी बसतात आणि तिथूनच गंज धरतो. जुनं रबर त्याने फुगतं, चिरतं. बुचाच्या लाकडाचे जुने फ्लोट (पेट्रोलवर तरंगणारे तुकडे) लाखेने बंद केलेले असतात आणि लाख अल्कोहोलमध्ये विरघळते. म्हणून पेट्रोलच्या सगळ्या रबरी नळ्या, पंपाचा पडदा आणि फ्लोटच्या सुईचं टोक इथेनॉल सोसणाऱ्या जातीचं करून घ्यावं. हे काम सुधारणेच्या यादीत सगळ्यात वर हवं, कारण गरम एक्झॉस्टवर ठिबकणारी नळी म्हणजे आग.

शुद्ध पेट्रोलच्या एका भागाला पूर्ण जळायला वजनाने १४.७ भाग हवा लागते. १० टक्के इथेनॉल असेल तर साधारण १४.१ पुरते. कार्बोरेटरला हे कळत नाही, तो पूर्वीच्याच हिशेबाने पेट्रोल सोडतो, म्हणून मिश्रण थोडं पातळ होतं. प्लगचं टोक फिकट पांढरं दिसत असेल आणि गाडी गरम होत असेल, तर जेट किंवा सुई एक पायरी जाड मिश्रणाची लावावी.

कार्बोरेटर काढून फ्युएल इंजेक्शन लावणारेही आहेत, आणि नीट केलं तर गाडी थंडीत एका झटक्यात सुरू होते. पण कार्बोरेटरचा पंप पाव-एक बार दाबाने पेट्रोल देतो, इंजेक्शनला साधारण ३ बार लागतात. म्हणजे नळ्या, क्लिपा, टाकीकडे परतीची वाट, एक्झॉस्टमध्ये ऑक्सिजन सेन्सर, आणि हे सगळं चालवायला पुन्हा अल्टरनेटर.

पत्रा आणि गंज

गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा घेतो, म्हणून रंगाखाली फोड येतो. दिसतो तो फोड, खरी खराबी आतून बाहेर आलेली असते. पेचकसाच्या मुठीने ठोकत जावं. चांगला पत्रा खणखणतो, कुजलेला बद्द वाजतो. भोकावर पुट्टी भरणं म्हणजे ओल आत कोंडणं. कुजलेला भाग चांगल्या पत्र्यापर्यंत कापून नवा तुकडा वेल्ड करणं हाच मार्ग.

ज्या गाड्यांना वेगळी चासी नसते, त्यांत दाराखालची लांब पेटी, म्हणजे सिल, हीच गाडीचा कणा असते. ती कापण्याआधी दाराच्या चौकटीत आडवा बार वेल्ड करून गाडी आवळून धरावी, नाहीतर बॉडी वाकते आणि पुन्हा दारं लागत नाहीत. एक मिलिमीटरहून पातळ पत्र्यावर सलग वेल्ड करू नये. अंतर ठेवून ठिपके द्यावेत, एक इथे, एक तिथे, मधे निवू द्यावं. वेल्डिंगआधी बॅटरी आणि अल्टरनेटरच्या वायरी सोडाव्यात. रिकामी टाकी कधीही वेल्ड करू नये, पेट्रोलपेक्षा पेट्रोलच्या वाफेचा स्फोट होतो. क्लोरीनयुक्त ब्रेक क्लीनरने पुसलेल्या पत्र्यावर वेल्डिंग केलं तर फॉस्जीन हा प्राणघातक वायू तयार होतो. पत्रा पुसायला ॲसिटोन वापरावं, आणि तेही पूर्ण उडून गेल्यावरच वेल्डिंग सुरू करावं.

गाडीखाली जाताना फक्त जॅकवर कधीही भरवसा ठेवू नये. कडक, सपाट जमीन, उरलेल्या चाकांना अडण्या, आणि गाडीचं वजन स्टँडवर. स्टँडवर ठेवल्यावर गाडी जोराने हलवून बघावी आणि मगच आत सरकावं.

परतीची वाट मोकळी ठेवा

मूळ बॉडीला भोक पाडण्याआधी थांबून विचार करावा. कारखान्याच्याच भोकांवर बसणारी पट्टी जवळजवळ नेहमी बनवता येते. काढलेला प्रत्येक भाग तेल लावून, नाव लिहिलेल्या पिशवीत ठेवावा. जुन्या वाहनांची आंतरराष्ट्रीय संघटना फिवा १९६६ पासून आहे. तिच्या व्याख्येत ऐतिहासिक वाहन किमान ३० वर्षांचं असावं लागतं आणि ऐतिहासिकदृष्ट्या योग्य स्थितीत जपलेलं असावं लागतं. आज नको वाटणारा डायनमो पुढच्या मालकाला मोलाचा वाटू शकतो.

वायरिंगमध्ये काहीही बदललं की नकाशाच्या प्रतीवर त्याच दिवशी पेनाने काढावं, वायरचा रंग आणि फ्यूजचा आकडा लिहून. पाच वर्षांनी रात्री रस्त्याकडेला बोनेट उघडाल, तेव्हा तेवढाच कागद उपयोगी पडतो.

काम झालं की पहिली फेरी लांबची नको. शक्यतो एका वेळी एकच बदल करावा, म्हणजे काही बिघडलं तर कुठे बघायचं ते माहीत असतं. इंजिन सुरू करून उभ्या गाडीत पेट्रोल, तेल, पाणी आणि ब्रेक ऑइल कुठे पाझरतंय का ते टॉर्चने बघावं, पण बंद शेडमध्ये नाही, कारण कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. मग मोकळ्या जागेत कमी वेगाने चार-सहा वेळा ब्रेक दाबून गाडी सरळ थांबते का ते पाहावं. घराभोवती एक चक्कर मारून परत यावं आणि चारही चाकांच्या मध्याजवळ हात न्यावा. एक चाक बाकीच्यांपेक्षा गरम असेल, तर तिथला ब्रेक सुटत नाहीये. चाकांचे नट ५०-१०० किलोमीटरनंतर टॉर्क रेंचने पुन्हा आवळावेत. नव्या लायनिंगला ड्रमशी जुळायला तेवढं अंतर लागतंच, त्यामुळे त्याच वेळी शूही पुन्हा ॲडजस्ट करून घ्यावेत.